सिद्दी: नावाच्या आधी, नावाच्या नंतर

साठे, शेटे, सय्यद आणि सिद्दी. ही चार आडनावं इंग्रजीत लिहून साउंडेक्स नावाच्या एका जुन्या पद्धतीला दिली, तर ती चौघांनाही एकच कोड देते: एस-३००. पद्धत सोपी आहे. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर, एच आणि वाय गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना गटाप्रमाणे आकडे द्यायचे. टी आणि डी एकाच गटात, म्हणून दोघांना ३. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं, पुढे तिथल्या जनगणनेच्या जुन्या नोंदी लावायला ती वापरली गेली आणि आजही अनेक डेटाबेसमध्ये ती तयार मिळते. नावं जुळवणं हा माझ्या नोकरीतला रोजचा भाग आहे. एकच माणूस तीन फाइलींत तीन स्पेलिंगांनी बसलेला असतो, त्याला एका ओळीत आणायचं.

साठे आणि सय्यद शेजारी बसले की आम्ही हसतो आणि नियम थोडा कडक करतो. गंमत अशी की या ढिगातले सय्यद आणि सिद्दी खरंच एकमेकांचे लागतात. यंत्राला अर्थ कळत नाही, पण इथे त्याचा नेम लागलाय. अरबीत 'सय्यिद' म्हणजे स्वामी, मालक. 'सय्यिदी' म्हणजे माझे स्वामी, आपल्याकडच्या 'धनी' किंवा 'मालक' या हाकेसारखं. बोलताना त्याचं झालं 'सीदी', आणि आपल्या किनाऱ्यावर आल्यावर 'सिद्दी', 'शिद्दी'. आफ्रिकेतून आलेले जहाजांचे कप्तान आणि सरदार यांना मानानं मारायची ही हाक. हळूहळू आफ्रिकेतून आलेल्या प्रत्येकाला ती चिकटली, ज्याला बाजारात विकलं गेलं त्यालाही. म्हणजे ज्याचा मालक दुसराच कुणी होता, त्याचं नाव पडलं 'मालक'.

(फोनवर हा शब्द टाइप करून बघा. मराठी कीबोर्ड पहिल्यांदा 'सिद्धी' सुचवतो. ती संस्कृतातली, ऋद्धीची बहीण. तिचा इथे काही संबंध नाही. 'सिद्दिकी'चाही नाही, ते 'सिद्दीक' म्हणजे सत्यवचनी या शब्दावरून आलेलं आहे.)

म्हणजे भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची जी सगळ्यात पक्की ओळख, तो शब्द मुळात आफ्रिकेचा नाहीच. दुसरा शब्द 'हबशी'. तो निदान 'हबश' या देशनावावरून आलाय, म्हणजे आजचा इथिओपिया आणि आजूबाजूचा भाग. आपल्या जुन्या मराठी कागदांत जंजिऱ्याच्या मुलखाला 'हबसाण' म्हटलेलं आहे आणि तिथल्या सिद्दीला 'शामळ', म्हणजे सावळा. एक शब्द हाकेचा, एक देशाचा, एक रंगाचा. माणूस स्वतःला काय म्हणत होता, हे यातल्या एकातही सापडत नाही.

याच्या उलट गोष्ट आफ्रिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर घडली. घानामधल्या अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वारावरून त्याला नाव मिळतं. सोमवारचा मुलगा कोजो, शुक्रवारचा कोफी, रविवारचा क्वासी. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचं पूर्ण नाव कोफी अट्टा अन्नान. त्याचा अर्थ लावला तर शुक्रवारी जन्मलेला, जुळा, चौथं अपत्य. आख्खं नाव म्हणजे जन्माची नोंदवही.

ही नावं गुलामांच्या जहाजांतून अटलांटिक ओलांडून गेली आणि टिकली. जमैकात कोजोचं झालं 'कजो'. त्याच नावाच्या मरून सरदारानं १७३९ मध्ये इंग्रजांना तहावर सही करायला लावली. मॅसॅच्युसेट्समध्ये स्लोकम नावाच्या घराण्याकडे एक अकान गुलाम होता, कोफी. तो सुटला, त्यानं वाम्पनोआग या मूळ अमेरिकी जमातीतल्या रूथ मोझेसशी लग्न केलं. त्यांचा मुलगा पॉल १७५९ चा. रीतीप्रमाणे आडनाव मालकाचं, स्लोकम. पॉलनं आणि त्याच्या भावांनी ते टाकलं आणि बापाचं नाव आडनाव म्हणून घेतलं: कफी. पुढे पॉल कफी जहाजांचा मालक झाला, १८१५ च्या अखेरीस ३८ लोकांना घेऊन सिएरा लिओनला निघाला. स्पेलिंग बिघडलं, उच्चार बिघडला, तरी त्या आडनावात शुक्रवार शाबूत आहे. आज कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत कफी, कजो अशी आडनावं भेटतात आणि घानातला माणूस ती ऐकून चटकन ओळखतो.

आपल्याकडे असं का झालं नाही, या प्रश्नाशी मी बराच काळ अडलो होतो. त्याचं निम्मं उत्तर मी राहतो त्या शहरात आहे.

छत्रपती संभाजीनगर हे शहर १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं ते मलिक अंबरनं. हे आम्हाला शाळेत सांगतात, भडकल गेट दाखवतात, नहर-ए-अंबरीचं कौतुक करतात. शाळेत न सांगितलेली गोष्ट म्हणजे अंबर हे त्याचं नाव नव्हतं. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या त्या मुलाचं नाव होतं चापू. हे आपल्याला माहीत आहे ते पीटर व्हान डेन ब्रोके या डच व्यापाऱ्यामुळे. तो १६१७ मध्ये अंबरला भेटला आणि त्यानं ते लिहून ठेवलं. मोखाच्या बाजारात हा मुलगा विकला गेला. पुढे बगदादला मीर कासिम नावाच्या मालकानं त्याला शिकवलं आणि नवं नाव दिलं. तिथून तो दख्खनला आला, अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे. हा चंगेजखानही हबशीच, एकेकाळचा गुलाम.

'अंबर' ऐकलं की मराठी माणसाला आभाळ आठवतं. शहर वसवणाऱ्याला ते नाव शोभतंही. पण हा अंबर अरबीतला, देवमाशाच्या पोटात तयार होणारा सुगंधी पदार्थ, अत्तरवाल्यांचा महागडा माल. एकदा हे कळलं की दख्खनच्या इतिहासातली सगळी सिद्दी नावं वेगळी दिसायला लागतात. याकूत म्हणजे माणिक. जौहर म्हणजे रत्न. संबूल ही सुगंधी वनस्पती. अरबी-फारसी जगात विकत घेतलेल्या माणसांना अशी नावं देण्याची पद्धत होती: कापूर, पोवळं, हिरा, चंदन. सराफाच्या आणि गंध्याच्या दुकानातली यादीच. नाव सुंदर, आणि त्याच नावात किंमतही.

अटलांटिकच्या मळ्यांवर मालकाला गुलामाच्या नावाचं काही पडलेलं नव्हतं. मोठ्या संख्येनं एकाच भाषेची माणसं एकत्र राहत, त्यामुळे त्यांच्यात कोफी हा कोफीच राहिला. दख्खनला येणारा हबशी मात्र लहान वयात एकटा विकला जाई, धर्म बदले, नाव बदले, घरात वाढवला जाई आणि फौजेत चढत जाई. त्याची वर चढण्याची शिडी आणि त्याचं जुनं नाव पुसलं जाणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत. मळ्यातल्या कोफीला शिडी नव्हती, म्हणून नाव उरलं, असं मला वाटतं.

अंबर त्या शिडीवर अगदी वर गेला. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर तो मोकळा झाला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा त्यानं निजामशाही वंशातल्या मुर्तझाला गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि पुढची पंचवीसेक वर्षं मोगलांना दख्खनमध्ये दमवलं. शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजींचे बंधू शरीफजी पडले. शिवछत्रपतींच्या काळात कवींद्र परमानंदानं रचलेल्या 'शिवभारत'मध्ये अंबरचा उल्लेख आदरानं येतो. तिकडे जहांगीर आपल्या आठवणींत त्याच्या रंगावरून शिव्या घालतो. त्यानं अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्रही काढून घेतलं, त्यात बादशहा स्वतः अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात ते मुंडकं कधी हाती लागलं नाही, अंबर १६२६ मध्ये म्हातारपणानं गेला आणि खुलताबादेत पुरला गेला.

आणि त्याचं नाव? त्याच्या मुलाचा किताब फत्तेखान. अंबर गेल्यावर खडकीचं फतेहनगर झालं ते याच्यावरून. म्हणजे एका पिढीत आफ्रिका नावातून पूर्ण गेली. दरबारी हबशांचं सगळीकडे हेच झालं. खान, मलिक असे किताब आले, इथल्या घराण्यांशी सोयरिकी झाल्या आणि नावावरून कुणाला ओळखायची सोय राहिली नाही. शहरात अंबरचं नाव आज माणसांपेक्षा पाण्याला जास्त लागलेलं आहे. शहराचं म्हणाल तर खडकी, फतेहनगर, १६५३ नंतर औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. या बाबतीत शहर आपल्या संस्थापकाच्या वळणावर गेलंय.

पदवीचं आडनाव होणं मराठवाड्याला नवीन नाही. आमच्याकडे 'चाऊस' आडनावाचे लोक भरपूर. निजामाच्या फौजेत आलेल्या हद्रमौतच्या अरबांचे हे वंशज, आणि चाऊस हा तुर्की फौजेतला हुद्दा, साधारण हवालदाराच्या जवळचा. बापजाद्यांची फौज गेली, हुद्दा आडनाव होऊन आधार कार्डावर बसला. पाटील, देशमुख, कुलकर्णी यांचंही तेच आहे की.

पण 'सिद्दी' या शब्दाची चाल वेगळी आहे. मराठी इतिहासात जे सिद्दी भेटतात ते आठवा. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर. अफजलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांसोबत असलेल्या निवडक अंगरक्षकांतला सिद्दी इब्राहिम. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत, ज्यानं १६८९ मध्ये मुंबईवर चालून जाऊन इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. अहमदाबादची ती नाजूक दगडी जाळी असलेली मशीद, आयआयएमच्या बोधचिन्हात आहे तीच, ती बांधणारा सीदी सैयद. प्रत्येक ठिकाणी हा शब्द नावाच्या आधी येतो. आपण राजे, सर, पंडित लावतो तसा. जंजिऱ्याच्या नवाबांनी तो १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत आपल्या नावाआधी मानानं लावला. त्यांच्याच एका शाखेनं १७९१ मध्ये सुरतेजवळ सचिन हे संस्थान मिळवलं. 'आलम आरा'ची नायिका झुबेदा याच सचिनच्या नवाबाची मुलगी म्हणून ओळखली जाते.

आता सह्याद्री उतरून नकाशावर थोडं खाली या. उत्तर कन्नड जिल्ह्यातले हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला हे तालुके, जंगलातल्या वाड्या. इथेही सिद्दी आहेत आणि इथे हा शब्द नावाच्या नंतर येतो. आडनाव म्हणून. हिंदूचंही तेच, मुसलमानाचंही तेच, ख्रिस्त्याचंही तेच. तीन धर्मांना मिळून एक आडनाव असं उदाहरण मला दुसरीकडे पटकन आठवत नाही.

यांचा रस्ता दरबारातून आलेला नाही. पोर्तुगीजांनी मोझांबिकच्या बाजूनं माणसं पकडून गोव्यात आणली. घरकामाला, ओझी वाहायला, पहाऱ्याला. त्यातले कित्येक पळाले, घाट चढून रानात शिरले आणि तिथेच राहिले. काही जण सुटका झाल्यावर आले. २०११ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्समध्ये भारतीय सिद्दींच्या जनुकांवरचा अभ्यास आला. त्यात त्यांचं आफ्रिकेतलं नातं बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांशी जुळलं. इथिओपियातून आलेल्या अंबरचा आणि मोझांबिकवरून आलेल्या या लोकांचा एकमेकांशी तितकाच संबंध, जितका आपला आणि अफगाणिस्तानचा. तरी दोघांना एकाच नावाखाली बसवलं गेलं. साउंडेक्सनं साठे आणि सय्यद एकत्र बसवावेत तसं. फरक इतकाच की हा नियम कडक करायला कुणी बसलेलं नव्हतं.

या रानातल्या नावांत पोर्तुगीज अजून ऐकू येतात. जोझेचं जुजे, मिगेलचं मिंगेल. भाषा कोकणीच्या घरातली, मराठी आणि कन्नडची फोडणी असलेली. दमाम हा त्यांचा ढोल. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी मुलामुलींना हेरून धावपटू बनवायची योजना काढली आणि काही वर्षांत गुंडाळली. त्या योजनेतून आलेल्या एका धावपटूचं नाव जुजे जॅकी हरनोडकर. हे नाव मला फार आवडतं. पोर्तुगीज जुजे, इंग्रजी वळणाचं जॅकी, आणि शेवटी आपला 'कर', गावाचा माणूस सांगणारा. सगळं आहे. आफ्रिकेतलं एक अक्षरही नाही.

गुजरातमध्ये गोष्ट आणखी फाटे फोडते. तिथल्या सिद्दींचं मोठं श्रद्धास्थान रतनपूरचा बावा गोरचा दर्गा, अकीकच्या खाणींच्या परिसरात. गीरच्या जंगलाला लागून असलेल्या जांबूर गावच्या हिरबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. लोबी हे आडनाव वाचल्यावर माझे कान टवकारले, कारण घाना आणि बुर्किना फासोच्या सीमेवर लोबी नावाचे लोक राहतात. पण माझ्यासारख्यानं इथेच हात आवरायचा असतो. ते लोबी पश्चिम आफ्रिकेतले आणि गुजरातला जहाजं आली ती पूर्व किनाऱ्यावरून. आवाज जुळला म्हणून कुळ जुळत नाही. इंटरनेटवर आडनावांचे उगम सांगणारी अर्धी पानं याच घाईवर चालतात.

सिंधमध्ये या शब्दाचं 'शीदी' झालं. कराचीच्या ल्यारीत, मंघोपीरच्या जत्रेत, हैदराबाद आणि बदीनच्या बाजूला शीदी मोठ्या संख्येनं आहेत. १८४३ मध्ये इंग्रजांशी लढून पडलेला होश मुहम्मद शीदी हा तिथला वीर. पण तिथल्या कित्येकांनी 'शीदी' बाजूला ठेवून 'कंबरानी' लावायला सुरुवात केली. कंबर हा हजरत अलींचा सेवक. त्याच्याशी नातं सांगणारं हे आडनाव. २०१८ मध्ये सिंधच्या विधानसभेत गेलेल्या पहिल्या शीदी महिलेचं नाव तंझीला कंबरानी. पॉल कफीनं टाकलं मालकाचं आडनाव, इथे लोकांनी टाकली हाक. कफीला उचलायला बापाचं नाव तरी होतं. यांना पूर्वज निवडावा लागला.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दींनी मात्र आडनाव टाकलं नाही, उलट घट्ट धरलं. त्याला एक रोकडं कारणही आहे. भारतात जमात म्हणून मान्यता मिळते ती राज्यवार, कधी कधी जिल्हावार. गुजरातमध्ये अमरेली, भावनगर, जामनगर, जुनागढ, राजकोट, सुरेंद्रनगर या जिल्ह्यांतले सिद्दी अनुसूचित जमातीत. रतनपूर ज्या भरूच जिल्ह्यात येतं तो जिल्हा त्या यादीत नाही. गोवा, दमण आणि दीवच्या १९६८ च्या यादीत 'सिद्दी (नायक)' आहेत. महाराष्ट्राच्या यादीत सिद्दी नाहीत, जंजिरा आपल्याकडे असूनही. कर्नाटकात २००३ मध्ये नोंद झाली, पण फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरती.

हल्याळला लागून बेळगावचा खानापूर तालुका, तिकडे धारवाडचा कलघटगी. आपल्याकडे 'सीमाभाग' म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं तोच हा टापू, घरात मराठी-कोकणी, शाळेत कन्नड. रान एकच, वाड्यांत सोयरिकी, आडनाव एकच. पण जिल्ह्याची हद्द मध्ये. हल्याळच्या सिद्दी मुलाला जमातीचा दाखला मिळे, वसतिगृह मिळे, शिष्यवृत्ती मिळे. खानापुरातल्या त्याच्या मामेभावाला, त्याच आडनावाला, त्याच चेहऱ्याला काही नाही. वर 'तू कुठल्या देशाचा?' हा प्रश्न मात्र दोघांना सारखाच. ही स्थिती १७ वर्षं राहिली. २०२० मध्ये संसदेनं कायदा करून बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतले सिद्दी यादीत घेतले. दाखला मागायला गेल्यावर टेबलापलीकडचा माणूस आधी आडनाव बघतो. तिथे जुजे हरनोडकरला चार कागद जास्त दाखवावे लागतात आणि जुजे सिद्दीला कमी. जो शब्द बाहेरच्यांनी चिकटवला, तोच आज पुरावा आहे.

त्याच वर्षी जुलैत कर्नाटकच्या विधान परिषदेवर शांताराम सिद्दी यांची नियुक्ती झाली. सभागृहात बसणारे ते पहिले सिद्दी. सदस्यांच्या यादीत हा शब्द त्यांच्या नावाच्या नंतर येतो.